ओट्यावरचं फडकं पाणी का ओढत नाही, आणि त्याला ओढतं कसं करायचं

वेचून आणलेल्या कापसाचा एक पुंजका घ्या, त्यातली सरकी काढा आणि तो पाण्याने भरलेल्या पेल्यात टाका. तो तरंगेल. बोटाने खाली दाबला तरी कोरडाच वर येईल. आता दवाखान्यात पट्टीला वापरतात तो पांढरा कापूस टाका. काही सेकंदांत तो भिजून तळाला जाईल. दोन्ही कापूसच आहेत. शेतातल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो, वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का, आणि दवाखान्यातल्या कापसावरून तो काढून टाकलेला असतो, एवढाच फरक. तेवढ्यावर सगळं ठरतं.

स्वयंपाकघरातल्या फडक्याचंही तसंच आहे. सुती धाग्याला मुळातच पाण्याची ओढ असते. कोरडा दिसणारा सुती कपडासुद्धा हवेतली ओल घेऊन वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी बाळगून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही बाळगत नाही. तरीही घरातलं सुती फडकं सांडलेलं पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलत असेल, तर त्याच्या धाग्यावर काहीतरी बसलेलं आहे असं समजा. नव्या कापडावर मेण आणि खळ असते. जुन्यावर तेलाचा चिकटा, साबणाचा साका किंवा कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडचा थर असतो. थर ओळखून काढला की तेच फडकं कामाला लागतं. नवं विकत आणण्याआधी हे करून बघा.

आधी फडक्याची परीक्षा

फडकं पूर्ण वाळलेलं हवं. ते एका वाटीच्या तोंडावर ताणून धरा, म्हणजे खाली काही टेकणार नाही. बोटाने किंवा ड्रॉपरने पाण्याचा एकच थेंब बोटभर उंचीवरून सोडा आणि थेंबाची चकाकी जायला किती वेळ लागतो ते मोजा. पाच सेकंदांच्या आत थेंब कापडात जिरून ओला डाग पसरला तर फडकं चांगलं. दहा-पंधरा सेकंद थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर धाग्यावर थर आहे. फडक्यावर तीन-चार ठिकाणी थेंब सोडा, कारण पदराकडचा भाग आणि रोज हातात येणारा मधला भाग सारखे नसतात. मध्ये थेंब बसून राहतो आणि कडेला जिरतो, असं झालं तर मध्ये तेल मुरलेलं आहे.

दुसरी परीक्षा किती पाणी मावतं याची. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कोरडं फडकं तोला. मग पूर्ण भिजवून एका कोपऱ्याने टांगा, ठिबकणं थांबलं की पुन्हा तोला. साधं सुती फडकं स्वतःच्या वजनाच्या दोन ते तीन पट पाणी धरतं, टॉवेलचं कापड त्याहून जास्त. काटा जवळ नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या मोजझाकणाने ५० मिली पाणी मोजून ओट्यावर ओता आणि फडकं एकदाच दाबून उचला. ४० सेंटिमीटर चौरसाच्या दुपदरी फडक्याने एवढं पाणी एका दमात उचललं पाहिजे आणि मागे नुसती ओल उरली पाहिजे.

कोणतं कापड घ्यायचं

सगळ्यात चांगलं म्हणजे बरंच धुतलेलं सुती लुगडं, धोतर किंवा दुपट्टा. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यातली खळ आणि मेण निघून गेलेलं असतं आणि धागाही सैल पडलेला असतो. सैल धाग्यात पाणी पटकन शिरतं, घट्ट पीळ दिलेल्या धाग्यात हळू. खादीचं फडकं याच कारणाने चांगलं काम करतं, कारण हाताने कातलेल्या सुताचा पीळ गिरणीच्या सुताइतका एकसारखा आणि घट्ट नसतो. वर्ध्याकडे खादीच्या दुकानात तुकड्याचा माल मिळाला तर जरूर घ्या.

जुनं बनियन पाणी छान ओढतं, पण ताणलं जातं आणि लव सोडतं. ते ओट्याला चालेल, ताटं पुसायला नको. टॉवेलच्या कापडावरच्या सुताच्या कड्यांत भरपूर पाणी मावतं, म्हणून मोठा सांडा उचलायला ते उत्तम. मात्र वाळायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात वास मारतं. जीन्सचं कापड फार दाट, त्याच्या नादी लागू नका. शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट आणि हल्लीच्या सिंथेटिक साड्या पाण्यासाठी निरुपयोगी आहेत. शिवाय तापलेल्या बर्नरला लागल्या तर वितळून चिकटतात आणि हाताला भाजतं.

कापड सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर चार धागे उपसा, चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीला लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. दोन्ही झालं तर ते मिश्र कापड.

एक कापड मात्र कितीही धुतलेलं असलं तरी स्वयंपाकघरात आणायचं नाही: फवारणीच्या वेळी अंगावर असलेला शर्ट, डोक्याला किंवा तोंडाला बांधलेला दुपट्टा, पंप पुसलेली चिंधी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. घरच्या धुण्याने कापडातलं कीटकनाशक पूर्ण निघेल याची हमी नाही. हे कपडे वेगळे धुवा, वेगळे ठेवा आणि फाटले की त्यांचं फडकं करू नका.

नवं मांजरपाट कामाचं कसं करायचं

बाजारातलं कोरं, पिवळसर मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ असतं, पण पहिल्या दिवशी ते पाण्याला हात लावू देत नाही. त्यात कापसाचं मेण असतं आणि विणताना सुताला दिलेली खळही. कापायच्या आधीच ते तयार करा, कारण या प्रक्रियेत ते आटतं.

अर्धा किलो कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी गढूळ आणि किंचित चिकट लागेल, ती खळ. चांगलं चोळून दोन पाण्यांत खळबळा. मग स्टीलच्या मोठ्या गंजात ५ लिटर पाणी घ्या, त्यात ३ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १ चमचा कपडे धुण्याची पावडर विरघळवा, कापड घाला आणि उकळी आल्यापासून तासभर मंद आचेवर राहू द्या. जर्मनचं भांडं अजिबात वापरू नका. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळं पडतं आणि त्याचा मळ कापडावर बसतो. खायचा सोडाही चालणार नाही, तो या कामाला फारच सौम्य आहे.

कापड पूर्ण वेळ पाण्याखाली राहिलं पाहिजे. वर आलेला भाग तसाच राहतो आणि नंतर तिथेच थेंब बसून राहतो. काठीने दर दहा मिनिटांनी खाली दाबा, हात घालू नका. तासाभरात पाणी चहासारखं तपकिरी होईल. ते फेकून गरम पाण्यात एकदा आणि गार पाण्यात दोनदा खळबळा, वाळवा आणि थेंबाची परीक्षा घ्या. गिरणीत हेच काम कॉस्टिक सोड्याने आणि दाबाखाली होतं, घरच्या सोड्याची ताकद त्याहून कमी. त्यामुळे एका उकळीत भागलं नाही तर दुसरी द्या. कॉस्टिक घरी वापरायच्या भानगडीत पडू नका, उकळत्या कॉस्टिकचा शिंतोडा डोळा घालवू शकतो.

कापताना कात्रीने छोटी खाच द्या आणि पुढे हाताने फाडा, म्हणजे कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. ओट्यासाठी ४० सेंटिमीटर चौरस, दोन पदर. कडेने टीप आणि मध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या सैल शिवणी पुरतात. गोधडीसारखी दाट शिवण घातली तर पाणी आत जायलाही वेळ लागतो आणि बाहेर पडायलाही. तीन-चार पदरांचं जाड फडकं जास्त ओढेल असं वाटतं खरं, पण मधला पदर वाळतच नाही आणि दोन दिवसांत आंबूस वास धरतो. भांडी पुसायला एकच पदर ठेवा.

पुसायची रीत

फडक्याची चौपदरी घडी घाला. त्याला उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी. सगळं फडकं बोळा करून हातात धरलं की फक्त बाहेरचा भाग काम करतो आणि आतला कोरडाच राहतो.

सांडलेलं पाणी मोठं असेल तर फडकं फिरवू नका. आधी कडेने बांध घाला, म्हणजे घडी उघडून फडकं पाणी आणि ओट्याचा काठ यांच्या मध्ये आडवं ठेवा. मग ते पाण्यावर पसरा, तळहाताने दाबा आणि पाच-दहा सेकंद थांबा. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढायला तेवढा वेळ लागतो. उचला, पिळा, पुन्हा पसरा. शेवटी घडी घालून एकाच दिशेने पुसा.

फडकं ठणठणीत कोरडं असावं की ओलसर? पाण्यासाठी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं पहिल्या क्षणी जास्त पटकन ओढतं, कारण धागा आधीच भिजलेला असतो. मात्र एकूण पाणी कमी मावतं. म्हणून रोजच्या थोड्याथोडक्या सांडण्याला ओलसर फडकं आणि तांब्या लवंडला तर कोरडं. पिळताना घाबरू नका, सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो.

काय सांडलंय त्यावर रीत बदलते

तेल हा सगळ्यात अवघड सांडा, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते: हातात येईल ते ओलं फडकं तेलावर फिरवलं जातं. ओल्या फडक्याच्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, तेलाला जागाच नसते, त्यामुळे ते ओटाभर पसरतं. गरम तेल असेल तर ओल्या फडक्याने ते तडतडून उडतं. आधी गॅस बंद करा किंवा चुलीतली लाकडं मागे ओढा आणि तेल निवू द्या.

मग घरात कापूस असेल तर तोच वापरा, सरकी काढलेला, न धुतलेला. ज्या मेणामुळे तो पाण्यात भिजत नाही, तेच मेण तेलाला धरून ठेवतं. कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट तेल उचलतो, आणि पाण्यावर तेल तरंगत असेल तर पाणी सोडून तेल घेतो. मूठभर कापूस सैल पिंजा, तेलावर पसरा, मिनिटभर थांबा, गोळा करा. कापूस नसला तर गव्हाचा कोंडा किंवा पऱ्हाटी-तुराटीची (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांची) पूर्ण विझलेली, चाळलेली राख. दहा मिनिटांनी पुठ्ठ्याने खरवडून घ्या. न चाळलेल्या राखेतले खडे गुळगुळीत दगडाला ओरखडे पाडतात. त्यानंतर कोरडं फडकं, मग गरम साबणपाण्यात पिळलेलं, शेवटी साध्या पाण्याचं. याच क्रमाने केलं तरच ओटा निसरडा राहत नाही. सावजी रश्श्याची तर्री सांडली तरी असंच करा, आधी वरचं तेल आणि मग खालचा रस्सा.

पीठ सांडलं तर पाणी लावायचं नाही. कोरड्या कुंच्याने किंवा कोरड्या फडक्याने आधी गोळा करा, नाहीतर त्याची खळ होऊन फडक्यात आणि ओट्याच्या सांध्यात बसते. वरण, पिठलं चमच्याने किंवा उलथण्याने उचला आणि उरलेलं पुसा. दूध आणि अंडं गार पाण्याने, कारण अंडं गरम पाण्याने तिथेच शिजून चिकटतं आणि दुधाचाही थर घट्ट बसतो. गुळाच्या पाकाला मात्र गरमच पाणी हवं. थोडा निवला की गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाच मिनिटं नुसतं ठेवून द्या, पाक विरघळून फडक्यात येतो.

चिंच, लिंबू, ताक, कढी कडप्प्यावर किंवा कोटा फरशीवर सांडलं तर वेळ घालवू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबटाने त्यांची चकाकी जाऊन कायमचा डाग पडतो. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही. कोंबडीचं किंवा मटणाचं कच्चं पाणी रद्दी कागदाने उचलून फेका, मग साबणाने पुसा, आणि ते फडकं त्याच दिवशी उकळा.

सारवलेल्या भुईवर ओलं फडकं घासलं तर सारवणच उखडतं. तिथे कोरडी माती किंवा राख टाका, शोषली की झाडून घ्या आणि तेवढ्या जागी शेणमातीचा हात फिरवा.

धुणं, आणि खारपाणपट्ट्यातली अडचण

रोज रात्री फडकं साबणाने धुऊन पसरून वाळवा. आठवड्यातून दोनदा, तेलकट झालं असेल तर लगेच, २ लिटर पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून १५ मिनिटं उकळा. उकळण्याने जंतू मरतात आणि सोड्याने तेल सुटतं. हळदीचा डाग साबण किंवा सोडा लागताच लाल होतो, त्याने गडबडून जाऊ नका. तो हळदीचा स्वभाव आहे. नीट खळबळून ओलं असतानाच कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. कपडे मऊ करणारं लिक्विड फडक्याला कधीच नको, ते धाग्यावर बसून पाण्याची वाट अडवतं.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, आणि जिथे बोअरचं पाणी जड आहे तिथे सगळीकडेच, धुतलेलं फडकं वाळल्यावर पापडासारखं कडक होतं. जड पाण्यातला चुना आणि साबणाची वडी यांचा साका होतो आणि तो धाग्यावर बसतो. अशा वेळी जास्त साबण घासला की जास्त साका. तिथे वडीऐवजी पावडर वापरा, ती जड पाण्यात कमी अडते. शेवटचं खळबळणं तरी पावसाच्या साठवलेल्या पाण्याने करा. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी यासाठी घेऊ नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात.

कडक झालेलं फडकं मऊ करायला दोन टप्पे लागतात. पहिल्या दिवशी वर मांजरपाटाला सांगितल्याप्रमाणे सोडा-पावडरची उकळी द्या आणि खळबळून काढा. नंतर २ लिटर पाण्यात १ छोटा चमचा लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून वीस मिनिटं भिजवा आणि दोन पाण्यांतून काढा. दोन्ही एकत्र टाकू नका, आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि नुसता फेस हाती येतो. लिंबूसत्वाच्या किंवा कुठल्याही ॲसिडच्या पाण्यात ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही थेट कापडावर टाकू नका, न विरघळलेल्या कणाकणापाशी भोकं पडतात.

वैशाखात फडकं तासाभरात खणखणीत वाळतं, एका दिवसाला दोन पुरतात. श्रावणात तसं होत नाही. पावसाळ्यासाठी ओट्याची सहा-सात फडकी तयार ठेवा, नळावर घडी करून लटकवू नका, दोरीवर एकेरी पसरा आणि रात्री चुलीच्या उबेला, पण जाळापासून हातभर दूर टांगा. अर्धवट ओलं फडकं दुसऱ्या दिवशी वापरण्यापेक्षा त्यावर गरम इस्त्री फिरवा. ओट्याचं, भांड्यांचं आणि जमिनीचं ही तीन फडकी ओळखू येतील अशी ठेवा. वेगवेगळ्या रंगाच्या काठाचं कापड घेतलं की घरातल्या लहान मुलालाही कळतं.

जवसाचं तेल पुसल्यावर

ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं. ते तेल मुरलेली सुती फडकी किंवा कापूस बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते आणि काडी न लावताही ढीग पेट घेऊ शकतो. शेंगदाणा, सोयाबीन किंवा मोहरीच्या तेलाला हा धोका कमी, जवसाला सगळ्यात जास्त. जवसाचं तेल पुसलेलं फडकं लगेच सोड्याच्या गरम पाण्यात टाका. लगेच जमत नसेल तर बाहेर, गवत आणि कडब्यापासून दूर, दोरीवर एकेरी पसरा. तेल उचललेला कापूस त्याच वेळी चुलीत घाला किंवा पाण्याने भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

फडकं विरलं, उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं की ते ओट्यावरून जमिनीला जाऊ द्या. तिथून एकदा खाली गेलेलं फडकं, कितीही स्वच्छ धुतलं तरी, पुन्हा ओट्यावर आणू नका. शेवटी सुती असेल तर चुलीत जाळायला हरकत नाही. सिंथेटिक आणि फवारणीची चिंधी मात्र चुलीत नाही, त्यांचा धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो.